कमरेला भोपळे, डोक्यावर मोरपिसं: काठीच्या होळीतल्या नाचाचा साज नेमका काय आहे?

होळी जवळ आली की दर वर्षी एक रील हमखास फिरू लागते. पहाटेचा अंधार, मोठ्या ढोलांचा आवाज आणि गोल करून नाचणारे पुरुष. अंगभर पांढरे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरू. खाली लिहिलेलं असतं, 'आदिवासी डान्स'. बस, एवढंच.

या दोन शब्दांतून काहीच कळत नाही. ही माणसं कुठली, हा साज कशाचा, तो कुणीही घालू शकतो का, आणि दर वर्षी तो थोडा वेगळा का दिसतो? हे सगळं समजून घ्यायचं तर नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यातल्या काठी गावात जावं लागेल.

काठीची राजवाडी होळी

नंदुरबार हा धुळे जिल्ह्यातून १ जुलै १९९८ रोजी वेगळा झालेला जिल्हा. २०११ च्या जनगणनेनुसार इथली सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. जिल्ह्याचे सहा तालुके आहेत. त्यातले अक्कलकुवा आणि अक्राणी म्हणजे धडगाव हे दोन तालुके सातपुड्याच्या डोंगरांत आहेत. काठी हे अक्कलकुवा तालुक्यातलं गाव.

हे गाव एकेकाळी एका छोट्या संस्थानाचं ठिकाण होतं. खानदेशात भिल्ल प्रमुखांची जी मेवासी संस्थानं होती, त्यातलं काठी हे एक. म्हणूनच इथल्या होळीला 'राजवाडी होळी' म्हणतात. ती १२४६ सालापासून चालत आली आहे, असं स्थानिक लोक सांगतात.

इतर गावांत होळी संध्याकाळी पेटते, काठीत ती पहाटे पेटते. साठ-सत्तर फूट उंच बांबूचा दांडा जंगलातून आणला जातो, सजवला जातो आणि माणसांच्या बळावर उभा केला जातो. रात्रभर डोंगरातल्या पाड्यांवरून लोक चालत, जीपने, ट्रॅक्टरने येत राहतात. प्रत्येक गावाचा आपला ढोल, आपला गट. उजाडायच्या आधी होळी पेटते आणि तोपर्यंत नाच थांबत नाही.

होळीच्या दिवसांत सातपुड्यातली सगळी गावं एकाच दिवशी होळी पेटवत नाहीत. काठीनंतर मोलगीची होळी, मग आणखी कुठली, असं चालतं. त्यामुळे नाचणारे एका गावातून दुसऱ्या गावात जात राहतात. साज घातलेला माणूस अनेक दिवस त्याच साजात वावरतो, हे आधीच लक्षात ठेवायला हवं. पुढच्या बऱ्याच गोष्टींचं उत्तर त्यात आहे.

नाचणारे सगळे एकसारखे नसतात

रीलमध्ये सगळे सारखेच वाटतात. प्रत्यक्षात बुध्या, बावा, मोरखी, काली, धानका डोको अशी वेगवेगळी नावं आहेत आणि गटाने नाचणाऱ्यांना गेर किंवा गेऱ्या म्हणतात. काही पात्रांमध्ये पुरुषच स्त्रीवेष घेतात आणि लोकांची थट्टामस्करी करत फिरतात. काहींच्या हातात धनुष्यबाण, काठी किंवा लाकडी हत्यार असतं.

बायकांचे गट वेगळे असतात. एकमेकींच्या कमरेत हात घालून त्या ओळीने किंवा गोलात नाचतात. त्यांच्या अंगावर चांदीचे दागिने असतात. पण ज्या साजाचे फोटो जगभर जातात तो प्रामुख्याने बुध्या आणि बावा यांचा.

साज, वरपासून खालपर्यंत

टोप. बांबूच्या पातळ पट्ट्यांचा सांगाडा, त्यावर मोरपिसं. बांबू निवडण्याचं कारण सरळ आहे. तो हलका असतो, वाकतो आणि सातपुड्यात सहज मिळतो. रात्रभर डोक्यावर वागवायची वस्तू जड असून चालत नाही. टोप उंच असतो, कारण गर्दी हजारोंची असते आणि उजेड कमी. अंधारात, माणसांच्या डोक्यांवरून, आपल्या गावचा गट कुठे आहे हे या हलणाऱ्या पिसांवरून दिसतं.

अंगावरची नक्षी. उघड्या अंगावर राखेने किंवा पांढऱ्या रंगाने ठिपके, रेघा, वर्तुळं काढलेली असतात. सावळ्या अंगावर पांढरा रंग आगीच्या उजेडात लांबून उठून दिसतो. शिवाय या नक्षीमुळे वरच्या अंगाला कापडाची गरजच उरत नाही. नक्षी हाच अंगरखा.

कमरेचा पट्टा. हा साजाचा खरा जीव. त्यात वाळवलेले दुधी भोपळे आणि मोठाले घुंगरू बांधलेले असतात. दुधी भोपळा वेलीवरच पूर्ण पिकू दिला की त्याची साल लाकडासारखी कडक होते. आतला गर सुकतो, बिया सुट्या होतात आणि हलवलं की खुळखुळतात. असा भोपळा म्हणजे तुंबा. पाणी ठेवायला, धान्य-बी साठवायला, वाद्य बनवायला तो भारतात शतकानुशतकं वापरला गेला आहे. तंबोऱ्याचा भोपळा आणि वारली तारप्याचा भोपळा याच घराण्यातले.

आकाराच्या मानाने तुंब्याला वजन जवळजवळ नसतंच. त्यामुळे कमरेभोवती कितीही मोठा घेर करता येतो आणि तरी नाचता येतं. नाचणाऱ्याने कंबर हलवली की भोपळे एकमेकांवर आपटतात आणि घुंगरू वाजतात. घुंगरू पायात बांधण्याऐवजी कमरेला का, हेही यातूनच कळतं. लावणीत घुंगरू पायात असतात, कारण तिथे फळीवर पडणारं पाऊल ऐकवायचं असतं. काठीत पाय मातीवर पडतात आणि बाजूला मोठे ढोल चालू असतात. त्या आवाजात ऐकू जायचं तर घुंगरू मोठे हवेत, आणि मोठ्या घुंगरांचं वजन पायापेक्षा कंबर सहज पेलते.

पाय. अनवाणी. याचं कारण मात्र नाचात नाही, नवसात आहे.

घालण्याआधीची अट

हा साज बाजारातून आणला, घातला आणि नाचायला गेलं, असं होत नाही. बुध्या किंवा बावा होणारा माणूस बहुतेक वेळा नवस फेडत असतो. घरातलं आजारपण, मूल, पीक, असं काहीतरी मागितलेलं असतं आणि ते मिळालं की होळीत नाचायचं असतं. सातपुड्यातल्या लोकांची श्रद्धा याहामोगी मातेवर आणि आपल्या कुळाच्या देवांवर आहे. नवस त्यांच्याशी जोडलेला असतो.

नवस केलेल्याला होळीच्या काळात कडक नियम पाळावे लागतात. खाटेवर झोपायचं नाही, जमिनीवर झोपायचं. पायात चप्पल घालायची नाही. ब्रह्मचर्य पाळायचं. खाण्यापिण्याचीही बंधनं असतात. हे दिवस संपले, नियम सुटले की साज उतरतो.

म्हणजे रीलमध्ये जो माणूस मजेत नाचताना दिसतो, तो त्या वेळी व्रतात असतो. पंढरीच्या वाटेवरच्या वारकऱ्याच्या गळ्यातली माळ आणि दुकानात टांगलेली माळ यांत जो फरक आहे, तोच इथे आहे. वस्तू एकच, पण घालणाऱ्याने काय कबूल केलंय त्यावर तिचा अर्थ ठरतो.

ही पद्धत एकट्या काठीची नाही

सातपुडा आणि नर्मदेच्या आसपासच्या तीन राज्यांत या साजाचे भाऊबंद आहेत. गुजरातमधल्या छोटा उदेपूर भागात राठवा समाजाचा गेर नाच होळीनंतरच्या दिवसांत चालतो. तिथेही अंगावर राखेची नक्षी, मोरपिसांचे टोप आणि कमरेला घंटा-घुंगरू असतात, आणि नाचणारे नियम पाळतात, खाटेवर झोपत नाहीत. तिथल्या कवांटची जत्रा याच नाचासाठी ओळखली जाते. मध्य प्रदेशात झाबुआ, अलीराजपूर, बडवानी भागात होळीआधीचे भगोरिया बाजार भरतात. धडगाव-मोलगीकडे त्यालाच भोंगऱ्या बाजार म्हणतात.

महाराष्ट्र आणि गुजरात ही वेगळी राज्यं १९६० मध्ये झाली. माणसं, सोयरिकी आणि नाच त्याआधीपासून डोंगराच्या दोन्ही बाजूंना होते. म्हणून 'हा साज महाराष्ट्राचा की गुजरातचा' हा कमेंटमधला वाद फारसा कामाचा नाही.

नाचाचा पोशाख बदलतो कशामुळे?

काठीच्या साजात काळानुसार काय बदललं याची जुनी, तारीखवार नोंद फार थोडी आहे. पण नाचाचे पोशाख साधारण कसे बदलतात हे समजायला जगातला एक पोशाख उपयोगी पडतो, कारण त्याची नोंद अगदी बारकाईने झाली आहे. तो म्हणजे युरोपातल्या बॅले नर्तिकेचा घेरदार झगा, टूटू. तोही कमरेभोवतीचाच साज.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बॅले नर्तिका दरबारी बायकांसारखे जमिनीपर्यंतचे जड पोशाख घालत. मारी कामार्गो ही पॅरिसची नर्तिका चपळ उड्यांसाठी प्रसिद्ध होती. तिने घोटे आणि पाय दिसावेत म्हणून झगा वर घेतला. मारी सालेने १७३४ मध्ये लंडनला आतला जड सांगाडाच काढून टाकला आणि साध्या मलमलीत नाच केला. दोघींवर टीका झाली, पण कारण पटण्यासारखं होतं. पाय दिसलेच नाहीत, तर पायांचं कसब कोण बघणार?

१८३२ मध्ये मारी टॅगलिओनी 'ला सिल्फीड' या बॅलेत पोटरीपर्यंतच्या पांढऱ्या, पारदर्शक, थरांच्या झग्यात उतरली. तिला वाऱ्यावर तरंगणारी परी दाखवायची होती. असं तलम जाळीचं कापड मुबलक मिळू लागलं होतं, कारण जॉन हीथकोट या इंग्रजाने १८०९ च्या सुमारास ते विणणारं यंत्र काढलं होतं. आधी ही जाळी हाताने विणावी लागे. एका यंत्राने नाचाचा पोशाख बदलला, तो असा.

त्याच कापडाने जीवही घेतले. रंगमंचावर तेव्हा गॅसचे दिवे असत. १८६२ मध्ये पॅरिसमध्ये तालमीच्या वेळी एमा लिव्री या तरुण नर्तिकेचा झगा दिव्यावर पेटला. आठ महिने वेदना सोसून १८६३ मध्ये ती गेली. आग न लागणारं, रसायनात बुडवलेलं कापड तेव्हा मिळत होतं. पण ते कडक आणि मळकट दिसतं म्हणून तिने नाकारलं होतं.

पुढे इटलीच्या नर्तिकांनी अवघड गिरक्या आणल्या. पिएरिना लेन्यानीने १८९५ च्या 'स्वान लेक'मध्ये एका पायावर सलग ३२ गिरक्या घेतल्या. अशा नाचात गुडघा, मांडी, सगळं दिसणं गरजेचं होतं. झगा आखूड होत होत शेवटी कमरेभोवती आडव्या थाळीसारखा झाला, आत तारेची कडी घालून ताठ ठेवलेला. १९५० मध्ये न्यूयॉर्कमध्ये बार्बरा कारिन्स्का यांनी ती तार काढून कमी थरांचा मऊ टूटू केला. एका रंगमंचावर अनेक जणी एकत्र नाचताना ताठ थाळ्या एकमेकींवर आपटत होत्या, म्हणून.

या सगळ्यातून तीन कारणं दिसतात. नाचात काय दाखवायचं आहे, हाताशी कुठलं सामान आहे, आणि नाच कुठे, कोणत्या उजेडात होतोय. ही तीन बदलली की पोशाख बदलतो. आता हीच तीन कारणं घेऊन पुन्हा काठीला जाऊ.

काठीच्या साजात काय बदलतंय?

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. 'पूर्वी सगळं जंगलातलं होतं, आता बाजाराने बिघडवलं' असं म्हटलं जातं. पण पितळी घुंगरू डोंगरात पिकत नाहीत. चांदीचे दागिने आणि पागोट्याचं कापडही बाजारातूनच येतं. डोंगर आणि बाजार हे नातं जुनं आहे. होळीआधीचा भोंगऱ्या बाजार तर मुळात होळीच्या खरेदीसाठीच भरतो.

बदललं ते सामानाचं प्रमाण. टोपांवर मोरपिसांच्या जोडीला रंगीत कागद, झिरमिळ्या, आरसे आले. काहींच्या डोळ्यांवर गॉगल आले. एका गावच्या बायकांनी एकाच रंगाच्या साड्या घ्यायच्या ही पद्धत वाढली. हजारोंच्या गर्दीत आपला गट ओळखू यावा, हे काम पूर्वी टोप करत होता, आता साडीचा रंगही करतो.

दुसरा बदल राहणीतला. अक्कलकुवा-धडगाव भागातली अनेक कुटुंबं पावसाळा संपला की ऊसतोड आणि बांधकामासाठी गुजरातेत किंवा पश्चिम महाराष्ट्रात जातात आणि होळीला परततात. भोपळा वेलीवर पिकायला, मग वाळायला महिने लागतात. बांबू आणून, चिरून, टोप बांधायला हात आणि वेळ लागतो. ज्याचं घर हिवाळाभर बंद, त्याच्या दारातल्या मांडवावरचा वेल कोण बघणार? घरी राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांवर हे काम पडतं.

तिसरा बदल जागेचा. सरदार सरोवर धरणाने महाराष्ट्रातली ३३ गावं बाधित झाली, ती सगळी याच दोन तालुक्यांतली. बरीच कुटुंबं तळोदा आणि शहादा तालुक्यांतल्या सपाटीवरच्या वसाहतींत आली. नर्मदेकाठच्या जंगलात बांबू, लाकूड, पिसं हे सगळं चालत जाऊन मिळायचं. सपाटीवर त्यातली प्रत्येक वस्तू कुठून तरी आणावी लागते.

मोरपीस: कायदा काय म्हणतो?

दर होळीला कमेंटमध्ये हा प्रश्न असतो. मोर १९६३ पासून भारताचा राष्ट्रीय पक्षी आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात त्याला पहिल्या अनुसूचीत सर्वोच्च संरक्षण आहे. मोराची शिकार हा गंभीर गुन्हा आहे. मात्र नैसर्गिकरीत्या गळलेली पिसं जवळ ठेवायला कायद्यात सूट आहे. परदेशात विक्रीला बंदी आहे.

मोर दर वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस पिसारा टाकतो आणि एका पिसाऱ्यात दीडशेच्या आसपास पिसं असतात. म्हणजे जंगलात मोर असतील तर टोपासाठी त्याला मारायची गरज पडत नाही. पण मोरच कमी झाले, तर टोपही जाईल. साज टिकवण्याची काळजी असणाऱ्याला जंगलाची काळजी करावीच लागते.

स्टेजवर गेल्यावर काय होतं?

आता हा साज होळीपुरता राहिलेला नाही. ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाच्या मिरवणुकीत, शाळेच्या स्नेहसंमेलनात, सरकारी महोत्सवांत बुध्या-बावासारखे साज दिसतात. ऑगस्टमध्ये तर भोपळ्याचा वेल नुकता चढत असतो. म्हणजे तो साज एक तर जपून ठेवलेला असतो, नाहीतर बाजारातल्या सामानातून नव्याने केलेला.

यावर समाजातच दोन मतं ऐकू येतात. एक बाजू म्हणते, मिरवणुकीत हा साज घालणं म्हणजे आपण कोण आहोत हे ताठ मानेने सांगणं आहे. शहरात शिकायला गेलेल्या मुलांना पूर्वी आपली भाषा लपवाविशी वाटायची, आता ती टोप घालून फोटो टाकतात. हा फरक छोटा नाही. दुसरी बाजू म्हणते, नवस नाही, नियम नाहीत, चप्पल घालून नाचायचं आणि संध्याकाळी साज खुंटीला, मग तो बुध्या कसला?

टूटूच्या बाबतीत हा प्रश्न कधी आला नाही, कारण तो जन्मापासून रंगमंचाचाच होता. तार काढली, थर कमी केले, तरी त्याचं काम तेच राहिलं. काठीच्या साजाचं तसं नाही. कागद चिकटवला, आरसा लावला, नवा घुंगरू बांधला, तर तो साज बदलतो पण मोडत नाही. घालण्याआधीची अट गेली, तर बाहेरून सगळं तसंच दिसत असताना तो वेगळीच गोष्ट होतो. त्यामुळे 'पिसं खरी आहेत का' यापेक्षा 'घालणाऱ्याने काय पाळलंय' हा प्रश्न डोंगरात जास्त महत्त्वाचा मानला जातो. मिरवणुकीतला साज आणि होळीतला साज हे दोन वेगळे आहेत हे उघड सांगितलं, तर दोन्ही आपापल्या जागी राहू शकतात. घोळ होतो तो दोघांना एकच नाव दिल्यावर.

बघायला जाणार असाल तर

काठी अक्कलकुव्याहून मोलगीच्या वाटेवरच्या डोंगराळ भागात आहे. रस्ता घाटाचा, रात्रीचा आणि त्या दिवशी गर्दीचा असतो. खरी वेळ मध्यरात्र ते पहाट ही आहे, त्यामुळे सकाळी पोहोचलात तर राखच दिसेल.

नाचणाऱ्याच्या टोपाला, भोपळ्यांना हात लावू नका. तो व्रतात असू शकतो. जवळून फोटो हवा असेल तर आधी विचारा, लोक सहसा नाही म्हणत नाहीत. बायकांच्या गटात कॅमेरा घेऊन घुसू नका. ड्रोन डोक्यावर फिरवू नका.

आणि पोस्ट टाकताना 'आदिवासी डान्स' याऐवजी निदान एवढं लिहा: काठी, तालुका अक्कलकुवा, जिल्हा नंदुरबार, होळीतला बुध्या. गावाचं नाव आणि नाचणाऱ्याचं नाव लिहायला एक ओळ पुरते.